मोठा बी, लहान बी

टेलिफोनच्या नोकरीत माझी अर्धी वर्षं ऐकण्यात गेली आणि उरलेली भागाकारात. ऐकण्याचं काम मला येत होतं. गोंदियाच्या एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि "बोलिए, नागपूर लाइन पे है" हे वाक्य दिवसातून कितीदा तरी. गोंदियात ते हिंदीतच म्हणावं लागे. पुढे लोक घरूनच थेट नंबर फिरवू लागले, बोर्डावरचे दिवे लागेनासे झाले, आणि १९९९च्या सुमारास एका सकाळी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "शेंडेबाई, उद्यापासून तुम्ही इंटरनेटच्या काउंटरवर बसा."

मी म्हटलं, "साहेब, मला त्यातलं काय येतं?"

साहेब म्हणाले, "इथं कोणाला येतं?"

ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे एक छापील पत्रक आलं होतं आणि एक डबी आली होती, तिला मोडेम म्हणायचं एवढं ठाऊक होतं. पत्रकावर लिहिलं होतं की या डबीचा वेग छप्पन केबी. मी ते पाठ केलं. कोणी विचारलं की सांगायची, छप्पन. छप्पन काय, कशाचे, ते ना कोणी विचारत होतं, ना मला माहीत होतं.

विचारणारा पहिला माणूस एक राइस मिलवाला शेठ निघाला. काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाला, "बहनजी, आपने छप्पन बोला था. कॉम्प्युटर पे पाँच दिखा रहा है. बाकी कहाँ गया?"

मला वाटलं, लाइन कुठेतरी गळते. खरंच तसं वाटलं. मी लाइनमन दूधरामला त्याच्या मिलपर्यंत पाठवलं. दूधराम खांबाखांबावर चढून आला आणि घाम पुसत म्हणाला, "शेंडेबाई, वायर सुकी ठाक आहे. आन वायरीतून का पानी जाते, गराले?" दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी त्याचा मुनीम आला. मी दोघांनाही चहा पाजला. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं.

खुलासा झाला तो गजभिये नावाचे नवे इंजिनीअर साहेब बदलून आल्यावर. बाहेरच्या वाचकांसाठी तो इथे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तारेतून जी माहिती जाते तिच्या सगळ्यात लहान कणाला बिट म्हणतात. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. आम्ही विकताना वेग बिटमध्ये सांगायचो, आणि लोकांचा कॉम्प्युटर फाइल उतरवताना तोच वेग बाइटमध्ये दाखवायचा. छप्पनला आठाने भागा, सात येतात. थोडं वाटेत घटतं, म्हणून पाच. चोरी कोणी केलीच नव्हती. इंग्रजीत लिहिताना बिटचा बी लहान काढतात आणि बाइटचा मोठा, एवढीच काय ती खूण. आपल्या लिपीत लहान अक्षर, मोठं अक्षर असा प्रकार नाही. तोंडाने बोलताना तर इंग्रजीतही नाही. केबी म्हटलं की दोन्ही सारखेच. म्हणजे आमच्या काउंटरवर जे काही बोललं जाई, ते दोन अर्थांचंच असे.

मी काचेवर चिठ्ठी चिकटवली, 'आठाने भागा'. त्यावर नागऱ्याचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या कॉम्प्युटरने चार दाखवले होते, ते त्यांनी चिठ्ठीप्रमाणे आठाने भागले, अर्धा आला, आणि आता हा अर्धा काय आहे ते मला विचारत होते. मी चिठ्ठी बदलली. 'भागायचं की गुणायचं ते काउंटरवर विचारा' असं लिहिलं. त्यानंतर काउंटरवरची गर्दी वाढली. गजभिये साहेब एकदा मला असंही समजावून सांगू लागले की किलो म्हणजे वेगाच्या बाबतीत हजार, पण साठवणीच्या बाबतीत काही जण एक हजार चोवीस धरतात. मी त्यांना हात जोडले आणि म्हटलं, साहेब, मला निवृत्त होईपर्यंत आठच पुरेत.

असं करत ब्रॉडबँड आलं. छप्पनच्या जागी दोनशे छप्पन आले. त्या दिवसांतली, २००८च्या आसपासची, ही कापगते कुटुंबाची गोष्ट आहे.

टीकाराम कापगते सौंदडचे. धानाची शेती, पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला दुपट्टा. त्यांच्या मागोमाग त्यांची बायको कौशल्याबाई आली. मी दोघांना म्हटलं, बसा. भाऊ बसले, बाई उभ्याच. मी पुन्हा म्हटलं, "बसा ना बाई." त्या माझ्या ओठांकडे टक लावून पाहत राहिल्या.

"तिले आयकू येत नाई," टीकारामभाऊ म्हणाले. "जल्मापासून. बोलता बी येत नाई." त्यांनी हाताने काहीतरी केलं, तशा त्या बसल्या.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक, वर्षा, तीही आईसारखीच. नागपूरला मूकबधिरांच्या शाळेत शिकली, तिथल्याच एका मुलाशी लग्न झालं. जावई नितीन, तोही ऐकू न येणारा, पुण्याला कारखान्यात कामाला. वर्षाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण मध्ये थोडं रक्त गेलं आणि तिकडच्या डॉक्टरने प्रवासाला साफ मनाई केली. इकडून आईने जावं, तर घरात टीकारामभाऊंची म्हातारी आई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला, तिचं सगळं कौशल्याबाईंच्या हातून. कौशल्याबाई शेवटच्या महिन्यात जातील असं ठरलं होतं.

"तवपर्यंत दोघी मायलेकी बोलतीन कशा?" भाऊ म्हणाले. "पोरगी शिकली आहे, ते मोबाइलवर लिहून पाठवते. हिले वाचता येत नाई. मी वाचतो आन हिले हातानं सांगतो. पर मले त्यायचं अर्धंच समजते, बाई. त्या दोघीयचं हातानं बोलनं अलगच आहे. लहानपनापासून त्यायनंच बनवलं. मी सांगतो ते हिले खरं वाटत नाई. म्हनते, पोरगी एवढुसंच कशी बोलल?"

जावयाच्या कारखान्यातल्या एका मुलाने त्यांच्या खोलीत कॉम्प्युटर आणि कॅमेरा बसवून दिला होता. इकडे तसंच बसवलं तर दोघी एकमेकींना पाहून बोलू शकतील असा निरोप आला होता. टीकारामभाऊंच्या पुतण्याचं सडक अर्जुनीला कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथून जुना कॉम्प्युटर मिळणार होता. प्रश्न फक्त वेगाचा.

"दोनशे छप्पन भेटल का?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, "भेटेल." पत्रकावर तेच लिहिलं होतं.

ते फॉर्म भरत असताना मी कौशल्याबाईंकडे पाहत होते. इतकी वर्षं मी लोकांचे आवाज जोडून दिले. मिलवाले, ठेकेदार, सासर-माहेर, जन्म-मरण, सगळं माझ्या कानातून गेलं. पण या बाईसाठी आमच्या सगळ्या कचेरीत तोवर एकही वस्तू नव्हती, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. त्या काउंटरवरच्या फोनकडे पाहतही नव्हत्या.

लाइन लागली. थोड्याच दिवसांत भाऊ परत आले. एकटेच होते.

"बाई, तुमी दोनशे छप्पन सांगतलं होतं. कॉम्प्युटर अठ्ठावीस दाखवून रायला."

या प्रश्नाला मी आता घाबरत नव्हते. म्हटलं, "भाऊ, तुम्ही धान पायलीत मोजता तसं खंडीतही मोजता ना? आकडा वेगळा, धान तेच. अठ्ठावीसला आठाने गुणा." त्यांनी बोटांवर गुणलं. दोनशे चोवीस आले. ते खूश झाले, मीही झाले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"म्हंजे वेग बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मंग पोरीले तिची माय काऊन दिसत नाई?"

आता मी गोंधळले. त्यांनी समजावून सांगितलं. सौंदडला कौशल्याबाईंना लेक दिसते, बऱ्यापैकी दिसते. पण तिकडे पुण्याला वर्षाला आई दिसतच नाही. चेहरा दिसतो, थांबून राहतो, आणि हात हलवले की नुसता धूर. हातच दिसले नाहीत तर बोलणं कसलं? दोन दिवस लेक बोलत होती आणि आई नुसती पाहत होती. आईचं उत्तर तिकडे पोचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी लेक कॅमेऱ्यासमोर रडली म्हणे.

गजभिये साहेबांना विचारलं. ते म्हणाले, पत्रकावर असतो तो उतरणारा वेग. आपल्याकडून चढणारा वेग वेगळा, आणि तो कमी असतो. सौंदडच्या त्या लाइनवर चढणारा वेग चौसष्ट निघाला. चौसष्ट बिटवाले, म्हणजे आठ बाइटवाले. एवढ्यात जमेल का? ते चित्राला किती वेग लागतो त्यावर.

भाऊंनी जावयाला मोबाइलवर लिहून विचारलं. उत्तर आलं, ते घेऊन भाऊ गोंदियाला आले. तो संदेश आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. इंग्रजीत होता, सगळा मोठ्या अक्षरांत. निदान बत्तीस केबी हवेत.

"मोठा बी आहे," गजभिये साहेब म्हणाले. "म्हणजे बत्तीस बाइटवाले. आपल्याकडे आठ. चौपट कमी."

बिलिंगला बसणारे मेश्राम म्हणाले, "साहेब, त्यानं सारंच मोठं लिहिलं आहे. 'व्हिडिओ'तला व्ही पण मोठा आहे. त्याचा काही अर्थ नाही. बत्तीस बिटवाले असतील तर आपल्याकडे दुप्पट आहे."

"दुप्पट असतं तर चित्र गेलं असतं."

"मग लाइनीत काहीतरी बिघाड असेल."

एका अक्षराच्या उंचीवरून आमच्याकडे एकतर चौपट कमी होतं, नाहीतर दुप्पट जास्त. दोघंही शहाणे होते, दोघांचंही म्हणणं पटत होतं, आणि टीकारामभाऊ एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी मी म्हटलं, जावयालाच विचारा ना, बिट की बाइट. भाऊंनी तिथेच बसून, बटणं शोधत शोधत, विचारलं. आम्ही चहा घेतला. उत्तर आलं.

उत्तर होतं, 'हो'.

त्यावर कोणी हसलं नाही. मेश्रामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या पोरांनाही कुठून ठाऊक असणार?"

मग ठरलं की कागदावर भांडण्यापेक्षा जाऊन पाहावं. मी दूधरामबरोबर सकाळच्या गाडीने सौंदडला गेले. काउंटरवालीने जायचं काही कारण नव्हतं, पण मला ते चित्र एकदा पाहायचं होतं. कापगत्यांचं घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. तो तलाव त्यांच्याच वाडवडिलांनी बांधलेला असं भाऊ सहज बोलून गेले. फोनची तार पाळीवरच्या झाडांमधून आली होती. दूधराम तिच्या मागे गेला आणि मी आत.

कॉम्प्युटर ओसरीत होता, त्यावर धुतलेला टॉवेल झाकलेला. कौशल्याबाईंनी मला समोर बसवलं. पडद्यावर पुण्याची खोली दिसली आणि एक तरुण मुलगी, हिरव्या बांगड्या, पोट दिसू लागलेलं. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "हॅलो." वर्षा हसली. तिने माझे ओठ ओळखले असावेत. मग तिने भराभर हात हलवले, आणि कौशल्याबाईंनी उत्तर दिलं. ते उत्तर तिकडे कसं जात होतं ते वर्षाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती डोळे बारीक करून पडद्याच्या अगदी जवळ येत होती आणि मान हलवत होती, नाही, नाही दिसलं. आई पुन्हा तेच सांगत होती. माझ्या जुन्या बोर्डावर लाइन खराब असली की लोक ओरडत, "जोर से बोलो." इथे जोरात बोलायचं म्हणजे कसं, मला कळेना.

दूधराम दुपारी परतला, हातात तारेचा एक काळा पडलेला तुकडा. "पारीवर जोड होता. पानी धरून रायला होता. नवा केला." त्या जोडामुळे किती फरक पडला आणि गजभिये साहेबांनी नागपूरला बोलून चढणारा वेग वाढवून घेतला त्यामुळे किती, हे मी सांगू शकणार नाही. चौसष्टचे एकशे अठ्ठावीस झाले. म्हणजे सोळा. बत्तीस बाइटवाले हवे असतील तर अजूनही निम्मेच. साहेबांनी सांगितलं, याच्यावर आता माझा हात पोचत नाही.

पण निम्म्यात काम झालं. ते कसं, ते भाऊंनी पुढच्या खेपेला सांगितलं. "त्या दोघी आता हरू बोलतात, बाई. माय हात उचलते आन तसाच धरून ठेवते. तिकडं चित्र पोचलं का पोरगी मान हालवते. मंग माय दुसरा हात करते. एक गोष्ट सांगाले वेळ लागते, पर पोचते. मी शेतातून येतो तं चालूच असते." ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती.

त्यानंतर काही आठवडे भाऊ आले नाहीत. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

एका दुपारी ते पुन्हा काउंटरसमोर उभे राहिले. धान कापणीचे दिवस होते, असा माणूस कापणी सोडून गोंदियाला उगाच येत नाही. रांग संपेपर्यंत बाजूला थांबले आणि मग विचारलं, "बाई, एक विचारू? वेग कमी असला तं मानसाचं तोंड सुजल्यावानी दिसते का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"हिचं म्हननं आहे का पोरीचं तोंड सुजलं आहे. दोन-तीन दिवसांपासून धरून बसली आहे. मले तं सारखंच दिसते. आता तिकडचं चित्र बी फाटकं येते, कधी लांब, कधी चपटं. जावयाले विचारलं, तो म्हनते, बरी आहे, अशा दिवसांत अंग भरते. मी हिले म्हनलं, ते सूज पोरीले नाई, लाइनीले आहे. हे आयकत नाई. रातभर झोपली नाई. म्हून विचाराले आलो."

मी त्यांना आत गजभिये साहेबांकडे नेलं. साहेबांनी नीट ऐकलं आणि खरं तेच सांगितलं. वेग कमी पडला की चित्राचे चौकोन पडतात, कडा पसरतात, चेहरा रुंद दिसू शकतो. कॅमेरा जवळ असला तर आणखी. "असं होऊ शकतं," ते म्हणाले. "पण प्रत्येक वेळी तसंच असेल असं मी कसं सांगू?"

भाऊंनी तेवढं 'होऊ शकतं' धरलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. उठले आणि म्हणाले, "मंग हिले सांगतो, साहेबच बोलले."

मला ते पटेना आणि का पटेना ते सांगताही येईना. मी आयुष्यात कधी त्या चित्राबद्दल छातीठोक काही सांगू शकले नाही, आताही सांगू शकत नव्हते. बिट की बाइट, चढणारा की उतरणारा, मुळात वर्षाचं चित्र तिकडून चढतं की इकडे उतरतं, सगळं डोक्यात फिरलं. मी नुसतं विचारलं, "भाऊ, कौशल्याबाई आणखी काय म्हणतात? नुसतं तोंडच?"

"तोंड. आन..." त्यांनी आपलं मनगट चोळून दाखवलं. "बांगड्या काऊन काढल्या म्हनते. हातात बांगड्या नाईत. अशा दिवसांत हिरव्या बांगड्या कोनी काढते का? तं पोरगी म्हनते, घट्ट झाल्या."

मी म्हटलं, "भाऊ, लाइन खराब असली तर तोंड रुंद दिसेल. हातातल्या बांगड्या लाइन कशी काढेल?"

भाऊ पुन्हा खाली बसले.

"अजून काही सांगते का पोरगी?"

"डोकं दुखते म्हनते. आन डोऱ्यासमोर..." त्यांनी बोटं मिटून उघडली, मिटून उघडली. कौशल्याबाईंनी त्यांना तसंच करून दाखवलं असणार. "मले वाटलं, चांदण्यायचं काही सांगून रायली."

माझ्या धाकट्या जावेला तिच्या बाळंतपणाच्या वेळी असंच झालं होतं, ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं होतं, तेवढ्याच जोरावर मी बोलले. डॉक्टर मी नाही. म्हटलं, तिथल्या ऐकू येणाऱ्या कोणाचा तरी नंबर द्या. त्यांच्याकडे जावयाच्या घरमालकीणबाईंचा नंबर होता, अडीअडचणीला म्हणून दिलेला. मी काउंटरवरच्या फोनवरून लावला. पलीकडून स्वच्छ पुणेरी आवाज आला. मी गोंदियाहून बोलते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कुठून?" मी दोनदा सांगितलं. वर जाऊन वर्षाचे पाय आणि हात बघून याल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, आत्ता माझं स्वयंपाकाचं चाललंय." मग एक सुस्कारा ऐकू आला आणि चपला वाजल्या.

परत आल्या त्या आवाज बदलूनच. "सूज आहे हो. चांगलीच आहे. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतोय. पण हे सगळ्यांना होतं ना?"

मी म्हटलं, "असेल. पण आज तिचं ब्लडप्रेशर मोजून घ्या. आजच. तिचा नवरा कामावरून येईपर्यंत थांबू नका. तिला ऐकू येत नाही, दवाखान्यात तिचं कोणी ऐकून घेणार नाही. तुम्ही बरोबर जा, आणि डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं, हे तुम्ही सांगा."

त्यांनी विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

"टेलिफोनमधली," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज मी ऐकला.

मग वाट पाहणं. टीकारामभाऊ बाकावर बसून राहिले. त्यांनी चहाही घेतला नाही. मी काउंटरचं काम करत होते आणि कोणाला काय सांगितलं ते मला आठवत नाही. एकीकडे वाटत होतं, एका परक्या बाईला स्वयंपाक सोडून उगाच पळवलं, एका भोळ्या माणसाला घाबरवलं, आणि निघेल काय, तर साधी सूज. दुसरीकडे वाटत होतं, साधी सूजच निघू दे. गजभिये साहेब दोनदा बाहेर येऊन गेले. "मी होऊ शकतं म्हणालो होतो," ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बरोबरच बोललात." आणि ते खरंच होतं.

कचेरी बंद व्हायच्या आधी फोन आला. ब्लडप्रेशर खूप वाढलेलं होतं. डॉक्टरने विचारलं होतं, आधी का आणलं नाही. वर्षाला तिथेच ठेवून घेतलं होतं, झटका येऊ नये म्हणून इंजेक्शनं सुरू केली होती, आणि बाळाला लवकर बाहेर काढावं लागेल असं सांगितलं होतं. घरमालकीणबाई हे सगळं सांगून म्हणाल्या, "मी इथेच आहे, काळजी करू नका म्हणावं. तिच्या आईला सांगा." मग थांबून म्हणाल्या, "तिच्या आईला कसं सांगणार तुम्ही?"

मी रिसीव्हर ठेवला आणि भाऊंना शब्द न शब्द सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तिनं बराबर पायलं होतं." एवढंच. मग शेवटची गाडी गाठायला निघून गेले. घरी जाऊन त्यांनी बायकोला ते हातांनी कसं सांगितलं असेल, मला माहीत नाही.

मुलगा झाला. वजन फार कमी, म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. वर्षा दोन दिवस धोक्यात होती, मग सावरली. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. कधी घरमालकीणबाईंचा फोन, कधी भाऊंचा. म्हाताऱ्या आईपाशी भावजयीला आणून ठेवायला त्यांना काही दिवस लागले. ती सोय झाल्यावर दोघंही पुण्याला निघाले. गाडी गोंदियाहून होती, तिला वेळ होता, म्हणून ते कचेरीत आले. कौशल्याबाईंच्या हातात एक पिशवी होती. तिच्यातून त्यांनी धानाच्या ताज्या पोह्यांची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि लगेच दुसरीकडे पाहू लागल्या.

मी म्हटलं, "भाऊ, निघण्याआधी एकदा बोलून घ्या." नंबर मला पाठ झाला होता. घरमालकीणबाई दवाखान्यातच होत्या. म्हणाल्या, "आजच पेटीतून काढून आईजवळ दिलंय. थांबा हं, भूक लागलीय त्याला," आणि त्यांनी मोबाइल बाळापाशी धरला असावा. मी रिसीव्हर भाऊंच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाला लावला. ऐकलं. त्यांचं तोंड हळूहळू पसरत गेलं, मग डोळे भरले, पण हसू तसंच.

कौशल्याबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला आणि हनुवटी वर उडवली. काय म्हणते?

भाऊंनी डोळ्यांखाली बोट ओढून दाखवलं. रडून रायला.

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी नवऱ्याच्या हसऱ्या तोंडाकडे बोट केलं आणि मग दोन्ही तळवे उघडले. ते मलासुद्धा कळलं. पोरगं रडते, तं तुमी हासून काऊन रायले?

भाऊंनी काहीतरी सांगायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. त्यांच्याजवळ त्याला खूण नव्हती. मग त्यांनी रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरला, बायकोचा तळवा घेऊन आपल्या गळ्यावर ठेवला आणि डोळे मिटून बाळासारखं रडायला सुरुवात केली. बारीक, तुटक, मध्येच श्वास घेऊन पुन्हा. पलीकडून जसं ऐकू येत होतं अगदी तसं. पन्नाशीतला माणूस, डोक्याला दुपट्टा, भर कचेरीत.

कौशल्याबाईंची बोटं त्यांच्या गळ्यावर घट्ट झाली. त्यांनी हात काढला नाही. भाऊ थांबले, तेव्हा बाईंनी गळ्यावर हलकेच थोपटलं, अजून.

बिल भरायची रांग वळून पाहत होती. पुढचा माणूस काचेतून आत वाकला आणि मला म्हणाला, "क्या हुआ, मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं. "नातू बोलून राहिला आहे. थांबा जरा."